लवकरात लवकर म्हणजे नक्की कधी?

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर दोन जातीच्या नोटिसा लागतात. पहिली – ‘लायब्ररीची पुस्तके लवकरात लवकर जमा करावीत.’ दुसरी – ‘१५ तारखेपर्यंत फी न भरल्यास रोज दंड आकारला जाईल.’ पहिली नोटीस पावसाळ्यात लागते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच पिवळी पडत राहते. दुसरी लागली की १४ तारखेला ऑफिससमोर रांग असते. माणसं तीच, कॉलेज तेच. फरक फक्त शब्दांचा!

मित्रांनो, हा लेख नोटीस बोर्डावर नाही, भारताच्या राज्यघटनेवर आहे. (इथे निम्मे वाचक पान उलटून चारोळ्यांकडे गेले असतील. उरलेल्यांचे आभार.) ‘सिव्हिलवाल्यांना राज्यघटनेशी काय देणंघेणं?’ असं रूममेटने आधीच विचारून झालंय. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिव्हिक्स होतं, पण ते हिस्टरीच्या पुस्तकाला शेपटासारखं जोडलेलं. मूलभूत हक्क पाठ करायचे, पेपरात उतरवायचे, संपलं. एखाद्या राज्यात कुणाचं सरकार आहे हेच कळेनासं झालं तर पुढे काय करायचं, हे त्या पुस्तकात नव्हतं. ते मला शिकवलं आमच्या भोरने.

भोरजवळ आंबवडे नावाचं गाव आहे. नागेश्वराचं जुनं देऊळ, गर्द झाडी, आणि तिथेच शंकराजी नारायण सचिवांची समाधी. भोर संस्थानचे मूळ पुरुष ते हेच. १६८९ साली संभाजीमहाराजांचा अंत झाला, राजाराममहाराज जिंजीला गेले, तेव्हा रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी यांनी औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत इकडचा मुलूख राखला. पुढे राजाराममहाराज गेले. ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून कारभार हाती घेतला. आणि १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. आता छत्रपती कोण? थोरल्या शाखेचा वारस, की जो प्रत्यक्ष गादीवर आहे तो? हा पेच सोडवायला ना सभागृह, ना कोर्ट, ना कुठला लेखी नियम. शंकराजींनी ताराबाईंच्या पक्षाशी इमान राखण्याची शपथ घेतली होती. शाहूमहाराजांचं बोलावणं आलं. शपथ मोडवेना आणि शिवाजीमहाराजांच्या नातवावर शस्त्रही धरवेना. तेव्हा त्यांनी स्वतःचाच जीव दिला, असं आमच्याकडे परंपरेने सांगतात.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्यांच्या स्वामिनिष्ठेचं कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं. पण आता आणखी एक विचार येतो. इतक्या कर्तबगार माणसापुढे दोनच रस्ते होते आणि दोन्ही बंद होते. तिसरा रस्ता कुणी बांधूनच ठेवला नव्हता. राज्यघटना ही मला अशा तिसऱ्या रस्त्यांची यादी वाटते. संकट येणारच, हे गृहीत धरून शांत डोक्याने आधी लिहून ठेवलेली. म्हणजे मग कुणाला जीव द्यावा लागत नाही. राजीनामा दिला की पुरतं!

आता जरा आमच्या ब्रँचचं. भोरजवळच भाटघरचं धरण आहे, १९२० च्या दशकात बांधलेलं. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. रात्री दोन वाजता साहेब झोपेत असोत, फोन लागत नसो, पाण्याला परवानगी लागत नाही. याशिवाय माणसाने उचलायचे दरवाजेही आहेत. ते कुणीतरी ठरवलं तरच उघडतात. हे दोन प्रकारचे दरवाजे डोक्यात ठेवून मी राज्यघटना वाचायला घेतली, आणि खरं सांगते, थर्मोपेक्षा लवकर समजली.

राज्यघटनेतही दोन्ही प्रकार आहेत. विधानसभेच्या दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको (कलम १७४). राष्ट्रपती राजवट लावली तर दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी, नाहीतर ती आपोआप संपते (कलम ३५६). आमदार नसलेला माणूस मंत्री झाला आणि सलग सहा महिने आमदार झाला नाही, तर त्याचं मंत्रिपद जातं (कलम १६४). हे झाले स्वयंचलित दरवाजे. याउलट लोकसभेने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष कधी निवडायचे? ‘शक्य तितक्या लवकर’ (कलम ९३). विधानसभेने? तेच, ‘शक्य तितक्या लवकर’ (कलम १७८). पक्षांतर केलेल्या आमदाराच्या अपात्रतेचा निकाल अध्यक्षांनी किती दिवसांत द्यायचा? दहाव्या परिशिष्टात मुदतच नाही. राज्यपालांनी विधान परिषदेवर सदस्य कधी नेमायचे? त्यालाही मुदत नाही. हे हाताने उचलायचे दरवाजे.

आपल्या महाराष्ट्राने २०१९ ते २०२४ या काळात हे दोन्ही प्रकार ‘टेस्ट’ करून पाहिले. एवढं प्रॅक्टिकल आपल्या लॅबमध्येसुद्धा होत नाही!

आधी स्वयंचलित दरवाजे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी सगळ्यांना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते आणि रिक्षावाल्या काकांकडून बातमी कळली होती. बहुमत कुणाकडे, यावर तीन दिवस नुसता गोंधळ. २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं – उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सभागृहात मतदान, गुप्त नाही, थेट प्रक्षेपणासह. तारीख आणि वेळ मिळाली आणि पेच त्याच दुपारी सुटला. देवेंद्र फडणवीसांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. बहुमत राजभवनात नव्हे, तर सभागृहात मोजायचं, हे तत्त्व १९९४ च्या बोम्मई निकालाने घट्ट केलेलं. पण इथे त्या तत्त्वाच्या जोडीला घड्याळ होतं.

पुढची परीक्षा लगेच आली. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिने मे २०२० अखेर संपणार आणि मध्येच कोरोना! निवडणुका पुढे ढकललेल्या. मंत्रिमंडळाने राज्यपालांना नियुक्तीची शिफारस केली, तिच्यावर निर्णय होईना. पण सहा महिन्यांची भिंत समोर दिसत होती म्हणून सगळेच हलले. राज्यपालांनी निवडणूक आयोगाला विनंती केली, आयोगाने २१ मेची तारीख दिली, आणि १४ मेलाच बिनविरोध निवड होऊन विषय संपला. लॉकडाऊनमध्ये! मुदत नसती तर ती फाईल आजही कुठेतरी ‘विचाराधीन’ असती, अशी माझी खात्री आहे.

आता दुसरा प्रकार. आणि इथे पुन्हा आमचं भोर येतं.

४ फेब्रुवारी २०२१ ला विधानसभेचे अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला. खुर्ची रिकामी झाली. ती भरायची कधी? ‘शक्य तितक्या लवकर’. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी जी नावं चर्चेत होती, त्यांत आमच्या भोर-वेल्हे-मुळशीचे तेव्हाचे आमदार संग्राम थोपटे यांचंही नाव होतं. भोरमध्ये तेव्हा चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. पण निवडणूक झालीच नाही. सत्ताधाऱ्यांनी आधी दहा महिने घालवले, मग गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला. राज्यपालांनी त्या बदलावर आक्षेप घेतला आणि तारीख दिली नाही. खुर्ची रिकामी ती रिकामीच. दोष कुणाचा, यावर आमच्या मेसमध्ये जेवणं थंड होईपर्यंत भांडणं झाली आहेत, ती मी इथे वाढून ठेवत नाही. मुद्दा एवढाच, की दोन्ही बाजूंना थांबणं सोयीचं होतं, आणि थांबू नका असं सांगणारी तारीख कुठेच लिहिलेली नव्हती.

रिकाम्या खुर्चीने काय फरक पडतो? २१ जून २०२२ ला कळलं. शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. अपात्रतेच्या नोटिसा काढायला अध्यक्षच नव्हते, म्हणून उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काढल्या. त्यांना हटवण्याचीच नोटीस आधी दिलेली होती, आणि तशी नोटीस प्रलंबित असलेल्याने अपात्रता ठरवू नये, असा २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. म्हणजे एका दरवाजाने दुसरा अडवला. ३० जूनला बहुमत सिद्ध करा असं राज्यपालांनी सांगितलं, आणि २९ च्या रात्री ठाकरेंनी राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ ला घटनापीठाने सांगितलं, की राज्यपालांनी तशी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पण चाचणीला सामोरं न जाता स्वतःच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निकाल अध्यक्षांकडून आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयाने मुदत ठरवून आणि मग ती वाढवून दिल्यावर. तोपर्यंत विधानसभेची मुदत संपायला वर्षही उरलं नव्हतं.

अध्यक्षांची खुर्ची ३ जुलै २०२२ ला भरली, राहुल नार्वेकर निवडून आले. म्हणजे जवळजवळ १७ महिने रिकामी. आपल्या भाषेत तीन सेमिस्टर! आणि सरकार बदलल्यावर? शपथविधीनंतर तीन दिवसांत निवडणूक झाली. म्हणजे अडचण नियमांची नव्हती, इच्छेची होती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. दिल्लीत २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेने पूर्ण पाच वर्षांत उपाध्यक्षच निवडला नाही. कलम ९३ मोडलं का? कसं म्हणणार? ‘शक्य तितक्या लवकर’ अजून संपलेलंच नव्हतं ना!

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, सोपं आहे, सगळीकडे तारखा लिहून टाका. मलाही असंच वाटत होतं, माझ्या आत्याच्या गावाला जाईपर्यंत.

आत्या वेल्ह्यात असते. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालंय, पण आत्यासाठी ते वेल्हेच. तिच्या वस्तीकडे जाणारा ओढ्यावरचा साकव एका पावसात वाहून गेला. तेव्हापासून पावसाळ्यात पोरं लांबच्या वाटेने शाळेला जातात. पाऊस फारच लागला तर जातच नाहीत. आत्याने अर्ज केले, एका ऑफिसातून दुसऱ्यात फिरली. मी तिला म्हटलं, झेडपीच्या मेंबरकडे जा ना. ती म्हणाली, ‘‘मेंबरच न्हाई तर कुणाच्या दारात जाऊन बसू, सांग.’’

खरंच नव्हता. पुणे जिल्हा परिषदेची आणि तिच्या पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले, आणि आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट असं करत २०२५ संपलं तरी निवडणूक झालेली नव्हती. आणि इथे तर तारीख लिहिलेली आहे! कलम २४३-ई स्पष्ट सांगतं, की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिने दिले, नंतर तीही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. मुंबईतलं संकट टीव्हीवर दिसतं. आत्याच्या साकवाचं संकट कुणी घटनात्मक पेच म्हणत नाही, पण तेही तेच आहे. लोकांनी निवडलेला माणूस जिथे असायला हवा, तिथे तो नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला नोटीस बोर्डावरच्या दुसऱ्या नोटिशीतला खरा भाग दिसला. तिच्यात नुसती १५ तारीख नाही, पुढे दंडही आहे. मुख्यमंत्र्याने सहा महिने चुकवले तर त्याचंच पद जातं. राष्ट्रपती राजवटीला दोन महिन्यांत मंजुरी मिळाली नाही तर ती राजवटच जाते. पण झेडपीची निवडणूक चुकली तर? ती लांबवणाऱ्या कुणाचंही काही जात नाही. जातं ते आत्याचं. स्वयंचलित दरवाजा म्हणजे नुसती पाण्याची पातळी नव्हे. ती पातळी गाठली की आपोआप काहीतरी हललं पाहिजे.

मग संसदेपुढे पर्याय काय आहेत? माझ्या अल्पमतीनुसार तीन तरी आहेत, आणि एकही चंद्रावरून आणायचा नाही.

पहिला, कलम ९३ आणि १७८ मध्ये ‘शक्य तितक्या लवकर’च्या जागी ठरावीक दिवस लिहायचे, समजा ३०. आणि तेवढ्यात निवड झाली नाही तर सभागृहाने दुसरं कुठलंही काम हाती घ्यायचं नाही, आधी ही निवड. मग बघा, खुर्ची किती दिवस रिकामी राहते!

दुसरा, पक्षांतराचे खटले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात म्हटलं होतं, की साधारणपणे तीन महिन्यांत निकाल व्हावा, आणि हे काम अध्यक्षांऐवजी निवृत्त न्यायाधीशांच्या कायम न्यायाधिकरणाकडे द्यायचा विचार संसदेने करावा. माझी भर एवढीच – तीन महिने उलटले की खटला अध्यक्षांच्या हातून सुटून आपोआप तिकडे गेला पाहिजे. अर्ज नको, विनंती नको.

तिसरा पर्याय जर्मनीचा. त्यांच्या १९४९ च्या घटनेत असं आहे, की पुढचा चॅन्सेलर कोण ते बहुमताने निवडल्याशिवाय आताच्याला हटवता येत नाही. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच, एकाच मतदानात. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, पर्यायी सरकार कुणालाच बनवता आलं नाही, लोकसभा विसर्जित झाली, आणि कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारने लढवलं. आपल्याच वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये अशा पर्यायी नेत्यासह अविश्वास ठरावाची शिफारस केली होती. ती अजून शिफारसच आहे.

घटनादुरुस्ती अवघड असते हे मान्य. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लागतात. पण मूळ पक्षांतरबंदीची दुरुस्ती जानेवारी १९८५ मध्ये ३० तारखेला लोकसभेत आणि ३१ ला राज्यसभेत मंजूर झाली होती. दोन दिवस! आपली सबमिशन्ससुद्धा एवढ्या वेगाने होत नाहीत.

एक शंका माझ्या रूममेटने काढली, आणि ती रास्त आहे. सगळंच आपोआप केलं तर महापूर, महामारी आली की काय? २०२० मध्ये आयोगाने तारीख दिली नसती, तर काही चूक नसताना सरकार गेलं असतं. खरं आहे. म्हणून सवलतीची सोय हवी, पण त्या सवलतीलाही तारीख हवी, आणि ती वाढवायची तर सभागृहात उघड मतदान करून. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी नदीकाठी भोंगा वाजतोच की.

आपण सगळे इंजिनियर होणार. कुठल्याही मशिनचं डिझाइन करताना ते चालवणारा माणूस सज्जन, जागा आणि उत्साही असेल असं आपण धरत नाही. तो दमलेला असेल, चुकारपणा करेल असं धरूनच सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतो. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी काही ठिकाणी असे व्हॉल्व्ह बसवले आणि काही ठिकाणी माणसांच्या चांगुलपणावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाचं काय झालं ते आपण पाहिलं. राहिलेले व्हॉल्व्ह बसवणं आता आपल्या पिढीचं काम आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची नावं आता मतदार यादीत आहेत. पुढच्या वेळी मत मागायला कुणी तुमच्या दारी आलं, पक्ष कुठलाही असो, आणि ‘तुमचं काम लवकरात लवकर करू’ म्हणालं, तर चहा जरूर द्या. पण तारीख विचारा. आणि ती चुकली तर तुमचं काय जाणार, तेही विचारा. मी आत्यालाही हेच सांगून ठेवलंय.